तुझ्या रेघेवर ठेवलेला पहिला दगड

अक्का, काल तुझा तेरावा झाला. भटजी जेवून गेले, मंडळी पांगली, तुझ्या भावजयीने, रेणुकाने, उरलेलं पायस शेजारीपाजारी वाटून टाकलं आणि मी तुझ्या जे. पी. नगरच्या घराला कुलूप लावून किल्ली खिशात टाकली. निघताना आपल्या मराठी मंडळातले एक गृहस्थ म्हणाले, "वसंतराव, आपल्या अंकासाठी अक्कांवर चार ओळी द्या. शांत, मनमिळाऊ, कर्तव्यनिष्ठ, असं काहीतरी." मी म्हटलं, सरी, ठीक आहे, देतो. आज बसलोय लिहायला. पण तुझ्याबद्दल लिहायचं म्हटलं की माझ्या हातून आधी शिवीच उतरते, त्याला मी काय करू?

कर्तव्यनिष्ठ म्हणे! त्या कर्तव्यनिष्ठेने सख्ख्या भावाचं घर खाल्लं, हे कुठल्या अंकात छापतात?

तुला राग येणार नाही हे मला ठाऊक आहे. तुला राग येतच नसे, हेच तर दुखणं. मी बोंबलायचं आणि तू ताकाचा पेला पुढे करायचीस. नऊ वर्षं मी तुझ्याशी भांडलो आणि नऊ वर्षांत तू एकदाही आवाज चढवला नाहीस. आता तर तुझ्या बाजूने बोलायला तूही नाहीस. म्हणजे जिंकलो म्हणायचं मी.

तुला सांगायची गरज नाही, पण अंक वाचणाऱ्यांना कळायला हवं म्हणून लिहितो. माझी बहीण सुमती रेल्वेच्या नव्या लाइनी आखायचं काम करायची. बंगळूरच्या पोटातून ज्या मालगाड्या जातात, सिमेंटच्या, पेट्रोलच्या, कंटेनरच्या, त्या सगळ्या गावाबाहेरून नेण्यासाठी फक्त मालगाड्यांची वेगळी लाइन टाकायचा बेत निघाला, तेव्हा ती कुठून जाईल हे ठरवणाऱ्या चार-पाच माणसांत ती होती. तुमकूरच्या अंगाने निघायचं, उत्तरेकडून वळसा घालून होसकोट्याला यायचं आणि तिथून खाली बोम्मसंद्राच्या कारखान्यांपर्यंत पोचायचं. शहराला कुठे शिवायचं नाही.

मला तू हे पहिल्यांदा समजावलंस ते जेवताना. मी कुरकुरत होतो. बोम्मसंद्राच्या माझ्या वर्कशॉपला लागणारं पोलाद कंटेनरमधून यायचं, आणि कंटेनर शहराच्या तोंडाशी कुठल्या तरी स्टेशनात दोन-दोन दिवस नुसता उभा. "का उभा?" मी विचारलं. "पुढून पॅसेंजर जायचीय म्हणून," तू म्हणालीस. "मग मागून मेल. मग परत पॅसेंजर. मालगाडीला सगळ्यांत शेवटी वाट." आणि माझ्या भाताच्या मधोमध पळीभर सारू ओतलंस. "बघ, मधून सोडलं की सगळं कालवतं." मग माझ्याच ताटाच्या कडेने बोट फिरवलंस. "असं न्यायला हवं. कडेकडेने."

"माझ्या ताटात बोटं घालू नकोस!" मी ओरडलो, आणि तू खळखळून हसलीस. भावजी गेले तेव्हा तू चाळिशीचीही नव्हतीस. पोरंबाळं नाहीत, घरात बोलायला कोणी नाही. त्यानंतर तुझ्या तोंडावर तसं हसू मी पहिल्यांदा बघितलं. त्या दिवशी मला तुझी लाइन मनापासून आवडली होती. हे मी तुला कधी बोललो नाही. आज लिहून ठेवतो.

पुढची पाच-सहा वर्षं तू त्या लाइनीची झालीस. नुसते नकाशे बघून तुझं भागायचं नाही. बूट घालायचीस, डोक्याला पदर गुंडाळायचीस, आणि शेताबांधांवरून, तळ्यांच्या कडेने सगळी वाट पायाखालून घालायचीस. घरी यायचीस ती पायांत काटे घेऊन. सुईने काटे काढता काढता सगळं सांगायचीस, कुठल्या गावी ताक मिळालं, कुठे कुत्रं मागे लागलं. गावाचं नाव मात्र कधी घेतलं नाहीस.

कारण लाइन कुठून जाणार हे फुटलं, की दुसऱ्या दिवशी दलाल हजर. म्हणून तुझा एक नियम होता. नातेवाईक विचारोत, दूधवाला विचारो, बिल्डिंगचा सेक्रेटरी विचारो, तुझं उत्तर एकच, "हो असलं तरी सांगणार नाही, नसलं तरी सांगणार नाही." तोच आवाज, तेच हसणं, भुवईसुद्धा हलायची नाही. एकदा मी मुद्दाम छळलं, "अक्का, लाइन लालबागेतून जाते का गं?" शहराच्या मधोमधली बाग ती, तरी तेच! मी म्हटलं, अगं बाई, लालबागेला तरी नाही म्हण! तर म्हणालीस, "आज एका जागेला नाही म्हटलं, की उद्या दुसऱ्या जागेला गप्प बसणं म्हणजे हो म्हटल्यासारखंच झालं ना रे." मी हात जोडले. म्हटलं, धन्य आहेस. आलीस मोठी हरिश्चंद्राची बहीण!

तेव्हा मस्करी होती ती.

मग होसकोट्याच्या अलीकडची ती जागा आली. रेणुकाने लग्नानंतर सगळा संसार भाड्याच्या दोन खोल्यांत काढला. तिचं मागणं एवढंच होतं, की म्हातारपणी दारात तुळस असावी आणि घर सोडा म्हणणारा मालक नसावा. जागा बघितली आणि ती खुळावलीच. कोपऱ्यात नारळाचं झाड, मागे तळ्याचा बांध, वारा तर असा की पदर जागेवर राहत नव्हता. रविवारी मी तुझ्याकडे आलो. गावाचं नाव सांगितलं, जागा कुठे ते कागदावर काढून दाखवलं आणि विचारलं, "तुझी लाइन इथे येत नाही ना?"

तू भेंडी चिरत होतीस. सुरी थांबली नाही. "हो असलं तरी सांगणार नाही, नसलं तरी सांगणार नाही."

मी खुशीत घरी गेलो. आता हसू येतं, पण तेव्हा मला ते अगदी साधं वाटलं होतं. जगाला सांगू नकोस गं, जगाला तोच मंत्र म्हण. पण हा वसंता आहे. तापात ज्याच्या उशाशी बसून तू गणितं करून घेतलीस, जो नापास झाला तेव्हा बाबांच्या आणि त्याच्यामध्ये तू उभी राहिलीस, तो. लाइन खरंच तिथे असती तर तू काहीतरी केलं असतंस. सुरी तरी खाली ठेवली असतीस. ठेवली नाहीस, म्हणजे लाइन तिथे नाही. असा हिशेब मी केला, आणि पुढच्या आठवड्यात जागा घेतली.

पायाभरणीला सगळी मंडळी जमली. आपल्या घरात पायाचा पहिला दगड थोरल्या लेकीने ठेवायचा. बसवनगुडीच्या घराचा आत्याने ठेवला होता, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो. पण तू गाडीतून उतरेनास. गुडघा दुखतोय म्हणालीस. तेवढ्यात मावशी भटजींच्या कानाशी लागून म्हणाली, "सुमती नको. शुभकार्य आहे, रेणुकेच्याच हातून होऊ दे." मी ऐकलं आणि माझं टाळकंच सणकलं. अस्सं! म्हणून बसलीय होय ही गाडीत! मी मावशीला सगळ्यांसमोर झाडली. "कुंकू नाही म्हणून माझी बहीण दूर बसणार? मग मला हे घरच नको!" मावशी रडायला लागली. मी तरातरा गाडीपाशी आलो आणि तुझा हात धरून तुला खाली उतरवलं.

तू चालत आलीस. वाटेत थांबलीस. नारळाकडे बघितलंस, मग तळ्याच्या बांधाकडे, मग लांब विजेच्या तारांचा उंच मनोरा होता त्याच्याकडे. मला वाटलं, आवडली हिला जागा.

खड्ड्याशी आल्यावर तू माझ्याकडे वळलीस. आपण घरात मराठी बोलतो, पण मनाच्या तळातलं काही असलं की तुझ्या तोंडून कन्नड यायचं. बाबा गेले तेव्हाही आलं होतं. अगदी हळू, मला एकट्याला ऐकू येईल असं म्हणालीस, "बेड कणो, वसंता. नन्न कैयिंद बेड." नको रे. माझ्या हातून नको.

काय चढलं होतं माझ्या अंगात! समाजसुधारक झालो होतो ना मी! मला वाटलं, मावशीसारख्यांनी हिच्या डोक्यात भरवलंय, हिच्या हाताने अशुभ होतं म्हणून घाबरतेय. मी तुझं मनगट धरलं. थंडगार होतं, एवढ्या उन्हात. तुझा हात धरूनच दगड ठेवला, वर हळद-कुंकू वाहिलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मी दोन शब्दही बोललो, बाईमाणसाच्या मानाबद्दल वगैरे. फोटोत सगळे समोर बघताहेत. तू तेवढी खाली दगडाकडे बघतेयस.

घराचं जोतं उठलं, आणि पंचायतीच्या भिंतीवर नोटीस लागली. मालगाड्यांच्या लाइनीसाठी लागणाऱ्या जमिनींचे नंबर. शेजारच्या प्लॉटवाले नारायणप्पा मला हाताला धरून घेऊन गेले, कारण मला फोनवर विश्वास बसेना. भिंतीवर बोट ठेवून मी आमचा नंबर वाचला. पुन्हा वाचला. आणि त्या क्षणी मला तुझं "बेड कणो" ऐकू आलं, पहिल्यांदा.

त्याच दुपारी मी जे. पी. नगरला आलो. ते भांडण तुझ्या शेजाऱ्यांनी पाठ केलं असेल. मी म्हटलं, तू स्वतः आखलीस ना ही लाइन? तू म्हणालीस, हो. मी म्हटलं, पन्नास फूट सरकवायला काय झालं होतं? तू वर्तमानपत्राच्या कडेवर पेन्सिलने दाखवायला लागलीस. "मालगाडी बैलगाडीसारखी वळत नाही रे. एवढं वजन घेऊन तिला लांब वळण लागतं, चढ तर जवळजवळ चालतच नाही. इथे पन्नास फूट सरकवायचे तर तीन मैल मागून वळायला हवं. मागे तळं आहे. पुढे शाळा आहे." आणि मग पेन्सिल खाली ठेवून म्हणालीस, "आणि हे काही नसतं, तरी तुझ्यासाठी सरकवली नसती."

"सरकवू नकोस ना, मरू दे!" मी किंचाळलो. "सांगायचं तरी! घेऊ नको म्हणायचं! एक अक्षर? तोंडात मिठाची गुळणी धरून बसलीस!"

तुझं उत्तर मला शब्दन्‌शब्द आठवतं. "मी तुला सांगितलं असतं तर तू घेतली नसतीस. मग दुसऱ्या कोणी घेतली असती. त्याची बहीण आमच्या ऑफिसात नव्हती, वसंता."

"तो दुसरा माझा कोण लागतो?" मी विचारलं.

तू ताकाचा पेला पुढे केलास. मी तो भिरकावून दिला.

अक्का, त्या प्रश्नाचं उत्तर तू दिलं नाहीस. मी नंतर खूपदा विचारला तो, वेगवेगळ्या तऱ्हेने. तुझ्याकडे उत्तर नव्हतं, की मला कळेल असं नव्हतं, देव जाणे.

भाऊबिजेला यायचं मी सोडलं नाही. रेणुका जाऊ दे म्हणायची, पण मी यायचो. ओवाळून घ्यायचो, आणि पाण्याचा घोटही न घेता उठायचो. तुला टोचावं म्हणूनच यायचो, खरं सांगतो. तू दर वर्षी डब्यात कोडबळी भरून द्यायचीस. मी तो डबा न उघडता वर्कशॉपमध्ये नेऊन ठेवायचो, आणि माणसं वाटून खायची. एकदा एकजण म्हणाला, "सार, तुमच्या अक्कांच्या कोडबळ्यांत ओवा जास्त असतो, आमच्या आईसारखा." ओवा माझ्या पोटासाठी असायचा. लहानपणापासून तू माझ्यासाठी ओवा जास्त घालायचीस. मी तेव्हा त्या माणसावरच खेकसलो, काम कर म्हणून.

आणि एवढं करून तुझी लाइन झालीच नाही! हे तर देवाने आपल्या दोघांच्या तोंडात मारलं. पुन्हा पाहणी, पुन्हा फाइल, साहेब बदलला की पुन्हा पहिल्यापासून. जमीन घेतही नाहीत आणि सोडतही नाहीत. विकता येत नाही, बांधता येत नाही. जोत्यावर गवत वाढलं. रेणुका एकदा तुळशीची कुंडी नेऊन ठेवून आली, ती बकऱ्यांनी खाल्ली. मालगाड्या अजून शहराच्या मधूनच जातात, माझं पोलाद अजून दोन-दोन दिवस उभं असतं. तू रिटायर झालीस तरी कागदांत काय चाललंय याची चौकशी करत राहिलीस. तुझी रेघ कागदावर, माझं घर जोत्यावर. सुंभ जळाला तरी पीळ काही दोघांचाही गेला नाही.

मग त्या मंगळवारी सकाळी तू गेलीस. मंडळातल्या कोणीतरी लगेच गोष्ट रचली, की म्हणे रेल्वेचं फाटक बंद होतं, मालगाडी जात होती, ॲम्ब्युलन्स अडकली, काय हा दैवदुर्विलास. माझ्याकडेही आले विचारायला, किती मिनिटं अडकली होती म्हणून. मी म्हटलं, कुठलंही फाटक वाटेत नव्हतं. ती खुर्चीत बसल्या बसल्या गेली, समोर निवडलेली कोथिंबीर होती. त्यांची जरा निराशाच झाली.

अग्नी मी दिला. दुसरं होतं कोण?

पाचव्या दिवशी नारायणप्पा आले, बरोबर एक वकील. सुतकाचं घर, चहासुद्धा द्यायचा नाही, तरी आले. लाइनीची पुन्हा सुनावणी लागली होती. जुनीच वाट ठेवायची की दुसरीकडून न्यायची हे आता ठरणार होतं, हरकती ऐकणार होते. वकील म्हणाला, "तुम्ही इंजिनियरबाईंचे सख्खे भाऊ. तुम्ही एवढंच सांगा, की बाई घरात बोलल्या होत्या. लाइन आधी पलीकडच्या मोठ्या लेआउटमधून, बिल्डरच्या वसाहतीतून जात होती, वरून दबाव आला म्हणून गरिबांच्या प्लॉटवर सरकवली. बस. सगळ्या जुन्या पाहणीवरच संशय येईल. कोर्टात गेलं की वाट बदलावीच लागेल. आपल्या जमिनी सुटतील."

"बोलली होती का ती असं?" मी विचारलं.

"नाही म्हणायला त्या येणार आहेत का?" वकील म्हणाला.

नारायणप्पा खाली मान घालून बसले होते. वाईट माणूस नाही. त्यांनी मुलीसाठी घेतला होता तो प्लॉट. जाताना माझा हात धरून म्हणाले, "वसंतण्णा, मेलेल्या माणसाला काय लागतं? जिवंत माणसांना घर लागतं." आणि खोटं तरी काय होतं त्यात? रेणुका दाराआडून ऐकत होती.  मला वाटलं, बोलली असती तर बरं झालं असतं.

मी हो म्हणालो, अक्का. हे तुला कळायला हवं. मी त्या दिवशी हो म्हणालो, आणि पुढचे पाच दिवस, तुझं क्रियाकर्म करत असताना, पिंड ठेवताना, मनात ते वाक्य घोळवत होतो. लाइन आधी पलीकडून जात होती. दबाव आला. दहाव्याला पिंडाला कावळा शिवेना. सगळे म्हणाले, काहीतरी इच्छा राहिलीय, वसंता, बोल काहीतरी, शब्द दे. मी काय शब्द देणार होतो?  अर्ध्या तासाने शिवला एकदाचा, आपल्या आपण.

सुनावणी दुसऱ्या दिवशी, होसकोट्याच्या एका कल्याण मंटपात. स्टेजवर लग्नाच्या लाल खुर्च्या तशाच, मागे प्लॅस्टिकची फुलं, आणि पुढे टेबल टाकून साहेब बसलेले. हॉल भरलेला. माझं नाव पुकारलं तेव्हा माझ्या मुंडण केलेल्या डोक्याकडे बघून लोकांनी वाट करून दिली. वकिलाने मला खांद्याला धरून उभं केलं. साहेबांनी कन्नडमध्ये विचारलं, "तुम्ही बाईंचे भाऊ. या आखणीबद्दल त्यांनी तुम्हाला काय सांगितलं होतं?"

पाठ केलेलं वाक्य जिभेवर होतं. शप्पत सांगतो, होतं. पण तुझ्याबद्दल बोलायला तोंड उघडलं की माझं आधी भांडणच बाहेर पडतं ना! नऊ वर्षांची सवय. मी म्हणालो, "काय सांगणार? ती कधी काही सांगायची का! ती जागा मी घेतली, सार, तिला विचारून घेतली. लाइन आमच्या जोत्यावरून जाते हे तिला ठाऊक होतं, तिनेच आखली होती. आमच्या घराचा पहिला दगड तिच्या हाताने ठेवलाय. तरी सांगितलं नाही तिने. सख्खा भाऊ मी तिचा! मला सांगितलं नाही!"

मी ओरडत होतो.  वकिलाने माझा शर्ट ओढला. तेव्हा माझ्या ध्यानात आलं की मी काय बोलून बसलोय. मी तुझी तक्रार करायला उभा राहिलो होतो, आणि जी बाई सख्ख्या भावाचं घर वाचवायला तोंड उघडत नाही, तिने कुणा लेआउटवाल्यासाठी लाइन सरकवली असेल यावर त्या हॉलमध्ये कोण विश्वास ठेवणार होतं?

साहेबांनी लिहिणं थांबवलं. मग हळूच विचारलं, "काहीच नाही? एखादी सूचना, एखादा शब्दसुद्धा नाही?"

माझ्या हाताला तुझं मनगट लागलं. थंडगार.

हो म्हणालो असतो तर खरं बोललो असतो. वकिलाने तेवढाच धागा धरला असता. बाईंनी घरात सांगितलं होतं, मग आणखी कुणाकुणाला सांगितलं? एका शब्दात तुझी सगळी वर्षं, ते काटे, ते बूट, ती लालबाग, सगळं धुऊन गेलं असतं. आणि कदाचित जमीन सुटली असती.

"इल्ल, सार," मी म्हणालो. "एनू हेळलिल्ल." काही नाही सांगितलं.

नारायणप्पांनी मला परत गाडीत घेतलं नाही. मी त्यांना दोष देत नाही. बस पकडली आणि मध्येच आपल्या जागेपाशी उतरलो. जोत्यावर कंबरेएवढं गवत. नारळ आहे अजून. तुझ्या माणसांनी पुरलेला पिवळ्या रंगाचा खुंटा जोत्याच्या बरोबर मधोमध आहे, तुझ्या दगडापासून दहा पावलांवर. गवत बाजूला करून दगड शोधला. त्याच्यावर बसलो. घरी गेल्यावर सुनावणीत काय बोललो ते रेणुकाला सांगितलं. ती ताट वाढून म्हणाली, "जेवून घ्या." या सगळ्यात तिची काय चूक होती, तेच मला कळत नाही.

निकाल यायचाय. काय येईल ते दिसतंच आहे. तुझीच वाट राहील, आणि कधीतरी तुझी मालगाडी माझ्या स्वयंपाकघरातून जाईल. जाऊ दे. निदान पोलाद तरी वेळेवर येईल.

हे सगळं मंडळाच्या अंकात देता येणार नाही, हे आता लिहिता लिहिता कळलं. दिलं तर "बेड कणो"सुद्धा द्यावं लागेल. त्यांना दुसरं लिहून देतो. शांत, मनमिळाऊ, कर्तव्यनिष्ठ. हा कागद तुझ्या घरी, तुझ्या पेन्सिलींच्या डब्यात ठेवून येतो.

नऊ वर्षं मी तुला म्हणत होतो, एक अक्षर बोलली नाहीस, आणि ते खोटं आहे हे आपल्या दोघांनाही ठाऊक होतं. "बोलले की रे तुला, तूच ऐकलं नाहीस," असं तू एकदा जरी म्हणाली असतीस, तरी माझं तोंड बंद झालं असतं. पण तसं म्हटलं असतंस तर नियम मोडल्याचं कबूल केल्यासारखं झालं असतं. म्हणून माझ्या शिव्या खात राहिलीस, आणि कोडबळ्यांत ओवा घालत राहिलीस. आता तेच खोटं मी चारचौघांत तुझ्यासाठी बोललो. तू नियम मोडला होतास, अक्का, माझ्यासाठी, एकदाच. ते ऐकलेला माणूस जगात मी एकटा आहे, आणि मी कुणाला सांगणार नाही.

पण जरा मोठ्याने म्हणायचं होतंस गं.